करंट बंद केल्यावर

दुकानदाराने सगळ्यात वजनदार इंजिन रुळांवर ठेवलं. "सर, ये बीस डिब्बे खींचेगा," तो म्हणाला. लोको पायलट विनायकरावांनी एवढंच विचारलं, "करंट बंद करने के बाद कितना आगे जाता है?" एकेक करत त्यांनी सात इंजिनं थांबवून पाहिली आणि सगळ्यात हलकं निवडलं. पॉवर सप्लायही नॉब शून्यावर येताच करंट तोडणारा घेतला.

फरीदाबादच्या घरी जेवणाच्या टेबलावर रूळ जोडताना त्यांच्या तळहातांना घाम फुटला होता. "अहो, खेळण्यातली गाडी आहे ही," कुमुदताई हळूच म्हणाल्या. मागच्या जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळनंतर ते पुन्हा इंजिनात चढले नव्हते.

सेटमधला पेरभर उंचीचा माणूस त्यांनी वळणापलीकडे रुळांमध्ये उभा केला आणि नॉब फिरवला. गाडी वळण घेऊन बाहेर आली. त्यांनी नॉब झटक्यात शून्यावर आणला. इंजिन माणसाच्या दोन बोटं अलीकडे थांबलं.

चिमटीत धरून त्यांनी त्या माणसाला अलगद उचललं.

"आज दिसलास रे वेळेत," ते म्हणाले. "जा, घरी जा आता."