कौतिकची मूठ

“इंजिनले सुटी भेटनी, मंग मना कौतिकले काब्र नही?” ताईबाईने भर गर्दीत नवऱ्याला, रुपचंदला विचारलं.

अमळनेर स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर जुनं इंजिन मांडलं होतं. नवा काळा रंग, घासलेलं पितळ, पुढे झेंडूचा हार. बघायला अख्खा तालुका लोटला होता. तिचा लेक कौतिक याच इंजिनावर कोळसा मारायचा. नोकरी लागली तेव्हा तिनेच याच्यापुढे नारळ फोडला होता.

उद्या कानबाई. या सणाला खानदेशातला पोरगा कुठूनही घरी येतो. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ घालायची, त्याचे रोट भाजायचे, ते घरच्यांनीच खायचे. परक्याला कणही द्यायचा नाही. ताईबाई दरसाल दोन मुठी घाली, एक नवऱ्याची, एक लेकाची. रुपचंद दरसाल म्हणे, “इंजिन थांबतच नही, त्याले सुटी कोठली?” आणि लेकाचा रोट फडक्यात बांधून स्टेशनावर नेई. खोट्याला पाय नसतात म्हणे. रुपचंदच्या खोट्याला चाकं होती.

इंजिन पुसणारा हबीब तिला ओळखून खाली उतरला. तो कौतिकचा जोडीदार. पाया पडता पडता त्याला हुंदका आला.

“बॉयलरका नळा फुट्या, कौतिक गया... तबसे ये चल्याच नही, अक्का.”

त्या साली ताईबाई तापाने फणफणली होती. ऐकून हीही जाईल या भीतीने रुपचंदने भुसावळला एकट्यानेच पोराला अग्नी दिला होता. पुढे सांगायचा धीर म्हणून झाला नाही.

ताईबाई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “मंग त्याना रोट कोन खाये?”

“मी,” रुपचंद म्हणाला.

परक्याला देता येत नव्हता, टाकवत नव्हता. पुलाखाली बसून रडत रडत तो खायचा, दरवर्षी.

घरी आल्यावर ताईबाईने सूप पुढे ओढलं. कौतिकची मूठ नेहमीसारखी गच्च भरून घातली आणि कणगीवर झाकण ठेवलं.

“मनी मूठ?” रुपचंदने भीत भीत विचारलं.

पदराचं टोक ओलं करून तिने कपाळावरचं कुंकू पुसलं.