चार मिलिग्रॅम

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. दहांपैकी पहिलेच मोजमाप सुरू करताना रुपचंद नानांच्या चिमट्यातून एक किलोचे प्रमाण वजन निसटले आणि काट्याच्या कडेवर आपटले.

"नाना, टक्क वाजलं का काही?" पलीकडच्या टेबलावरून मदतनीस अनवरीने विचारले.

"तुझ्या बांगड्या असतील."

"बांगड्या तर मी बाहेरच काढून येते. दंड तुम्हीच लावला होता ना!"

नानांनी वजन भिंगाखाली धरले. ओरखडा दिसेना. नियमाप्रमाणे काम थांबवून, घडलेले नोंदवून, ते वजन तपासणीला पाठवायला हवे होते. बाकी सारी वजने त्याच्याशीच ताडून पाहिली जात. पण मग ही परीक्षा हुकली असती आणि धुळ्याच्या या प्रयोगशाळेची मान्यता गेली असती. नानांनी दहाही मोजमापे मुकाट्याने पुरी केली.

परीक्षा सरळ होती. राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या वतीने एक माणूस लाकडी पेटी घेऊन आला होता. पेटीत निळ्या मखमलीवर एक वजन. त्याचा खरा आकडा मंडळालाच ठाऊक. प्रयोगशाळेने मोजून आपला कळवायचा. इथून तो माणूस जळगावला जाणार होता, मोहिनी चौधरीकडे. या फेरीत प्रयोगशाळा या दोनच. मोहिनी तंत्रनिकेतनात नानांच्या हाताखाली शिकलेली. एकमेकांना उत्तर विचारायची सक्त मनाई होती.

नानांचे उत्तर आले : एक किलोच्या वर सात मिलिग्रॅम.

गुरुवारी संध्याकाळी मोहिनीचा फोन आला.

"नाना, एक विचारू? विचारायचं नसतं, ठाऊक आहे."

"मग विचारू नको."

"हिरव्या मखमलीवरून ते वजन उचलताना मी इतकी घाबरले होते, म्हणून सांगू! पहिलीच मान्यता आहे माझी. गेली तर शटर ओढायचं." तिने आवाज खाली आणला. "वर तीन मिलिग्रॅम आले. तुमचे?"

फोन ठेवायला हवा होता. नाना म्हणाले, "सात."



"मग तुमचंच बरोबर."

"कशावरून? तुझा काटा नवा आहे."

"हात तर तुमचा मुरलेला आहे ना!"

वजन पडल्याचे नानांच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. "तुझं जे आलं तेच पाठव, पोरी."

"हो. तुम्हीही?"

"मीही."

त्या रात्री ते आकडेमोड करत बसले. पडताना प्रमाण वजनाचा कण उडाला असेल, तर समोरचे वजन तेवढेच जड दिसणार. चार मिलिग्रॅमचा हिशोब नेमका जुळत होता. शुक्रवारी सकाळी त्यांनी सात खोडून तीन लिहिले. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडलेल्या माणसाने विद्यार्थिनीचे उत्तर उतरवले, आणि अनवरीकडे न पाहता पाठवून दिले.

निकाल ३ मार्चला आला. अनवरीने तो वाचायला घेतला आणि तिचा आवाज उतरला.

"नाना, आपण नापास. खरं मूल्य सात. आपण तीन कळवलं."

म्हणजे प्रमाण वजनाला काहीच झाले नव्हते. नाना खुर्चीत बसले. पण मोहिनीचे तीन? तिची मान्यताही गेली?

"खाली टीप आहे," अनवरी म्हणाली. "उत्तरांची देवाणघेवाण होऊ नये म्हणून दोन्ही प्रयोगशाळांना वेगवेगळी वजनं दिली होती."

नानांनी डोळे मिटून श्वास सोडला. आपली शिक्षा आपल्यापुरतीच राहिली. पोरीचे तीन बरोबरच असणार. अभिनंदन करायला त्यांनी मोहिनीचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली.

अनवरीने पान उलटले.

"जळगाव. खरं मूल्य तीन. कळवलेलं मूल्य सात."