पाणवेलीवरची कीड

"गोगलगायीच असणार मेल्या," चिमाबाई म्हणाली. "रोज दोन पानं जात्यात."

पीरमहंमद शिंपी काचेच्या टाकीवर वाकला. ही टाकी चिमाबाईच्या मुलाने, संपतने, मुंबईहून एस.टी.ने आणलेली. तो तिकडे शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. आईला सोबत म्हणून त्याने चार मासे दिले आणि घोड नदीतली पाणवेल उपटून आत लावली.

"गोगलगाय खरवडते, बाई. शिरा तशाच ठिवते. ह्ये गोल कापलंय. कड बघा, किती साफ."

त्याने पान उलटलं. खाली पानाचे दोन तुकडे एकमेकांना शिवल्यासारखे चिकटले होते. नखाने उसवले, तर आत पांढुरकी अळी.

"घ्या! ही तर आमच्याच धंद्यातली निघाली. कापती बी, शिवती बी."

चिमाबाई पदर तोंडाला लावून हसली. "बसा पीरभाई, चहा टाकते."

बायको नूरबी गेल्यापासून अख्ख्या घोडेगावात त्याला बसा म्हणणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक माप देई आणि जाई. घरी चूल थंड.

दुसऱ्या दिवशी दुकान मिटल्यावर तो पुन्हा आला. एखादी अळी राहिली असली तर बघावी, म्हणाला. चिमाबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो टाकीशीच होता.

"ह्ये बघा, अजून एक पान."

मग तो रोजच येऊ लागला. चहा होई, पाऊसपाण्याचं बोलणं होई.

"एवढ्या अळ्या येत्यात तरी कुठनं?"

"अंडी असत्यात पानाखाली. दिसायची न्हाईत तुमाला."

महिन्याने एका मंगळवारी संपतचं कार्ड आलं. पीरमहंमदने ते अडखळत वाचून दाखवलं. पानं गेली की मासे तगत नाहीत. रविवारी येतो. कीड तशीच असली तर टाकी परत नेतो.

चिमाबाई माशांकडे वळली. "ह्ये बी गेले, तर घरात बोलू कुणाशी?"

पीरमहंमदने कप खाली ठेवला. "टाकी जायची न्हाई. आजपासनं एक पान कापलं जायचं न्हाई. शब्द देतो."

"मग तुमी?"

"किडाच गेला, तर माझं काय काम?"

चार दिवस तो तिकडे फिरकला नाही. मशीन चालवताना नजर सारखी रस्त्यावर जाई. शनिवारी चिमाबाईच दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"पीरभाई, चला. परत लागली."

"आन् उद्या संपत येनार?"

"येऊ द्या. तुमी चला."

घरात शिरताच ती चहा ठेवायला आत गेली. तो टाकीवर वाकला. तीन पानं गेली होती. कडा वाकड्यातिकड्या, एक तर अर्ध्यात फाटलेलं.

हे अळीचं काम नव्हतं. आणि त्याचंही नव्हतं. त्याची छोटी कात्री मंगळवारपासून पेटीतून बाहेरच निघाली नव्हती.