बॅटचं वजन

सोमवारी बॅटचं वजन भरलं होतं एक किलो एकशे साठ ग्रॅम. गुरुवारी, त्याच काट्यावर, एक किलो दोनशे दहा.

प्रणिताने काटा तपासला. काटा बरोबर होता. म्हणजे कुणीतरी तिची नवी बॅट बिघडवत होतं, आणि रविवारी जिल्हा संघाच्या निवडीचा सामना होता. जवसाचं तेल तिने एकदाच लावलं होतं, हलक्या हाताने. बाटली मात्र निम्मी झाली होती.

घरात माणसं तीन. नवरा आठवडाभर परगावी. उरले सासरे. आबा म्हणजे जुने पैलवान, लग्नापासून तिच्या खेळाबद्दल अवाक्षर न काढलेले.

शुक्रवारी ती नवी बॅट घरीच ठेवून सरावाला निघाली आणि कोपऱ्यावरूनच मागच्या दाराने परतली. ओसरीवर आबा बॅट मांडीवर घेऊन तळहाताने तेल चोळत होते.

"आबा, काय चाललंय?"

"तेल पाजतोय." त्यांनी मान वर केली नाही. "माझी लाठी अशीच पाजलेली. चाळीस वर्सं झाली, मोडली न्हाई."

"बॅटला इतकं तेल चालत नाही. जड होते."

"जडच पायजे की. फटका बसाय नको व्हय?"

रविवारी तिने मैत्रिणीची हलकी बॅट मागून घेतली. पॅड बांधताना तिची नजर सीमारेषेकडे गेली. आबा पहिल्यांदाच मैदानावर आले होते, फेटा बांधून, हातात तेलाची बाटली घेऊन.

तिने मैत्रिणीची बॅट परत केली आणि आपली उचलली.