नाण्याचं टोक

"गोलच बरं," असं साहेबांनी दुकानाची पायरी चढतानाच दोनदा सांगून टाकलं होतं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कारागिरानं नमुन्यांचा ट्रे पुढं सरकवला. गोल नाणी, ढालीसारखी, षटकोनी, आणि एक चक्क रणगाड्याच्या आकाराचं. पलटणीच्या नाण्याची एक रीत असते. ज्याला ते मिळालं त्यानं ते कायम खिशात बाळगायचं, घरी बसल्यावरसुद्धा. पलटणीतल्या कुणीही, कुठंही आपलं नाणं टेबलावर आपटलं की बाकीच्यांनी तिथल्या तिथं आपापलं काढून दाखवायचं. ज्याच्याकडं नसेल त्याची चारचौघांत शोभा झालीच म्हणून समजा. साहेबांना ही रीत भारी प्यारी. नाणं घरी विसरलेल्या भल्याभल्यांना त्यांनी ताटकळत उभं केलं होतं.

यंदाचं नाणं टेकडीवरच्या लढाईच्या आठवणीचं होतं. सगळ्या पलटणीसमोर, कोरडेच डोळे रुमालानं टिपत, साहेबांनी जाहीर केलं होतं की नाण्याचं माप आणि आकार आपल्या वायरलेसवाल्याची पत्नी ठरवेल, आपल्या वहिनी ठरवतील. काय टाळ्या पडल्या! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण वहिनींना सगळं ठाऊक होतं. टेकडीवरून एकच हवालदार जिवंत परत आला होता, आणि त्यानं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं होतं. गोळ्या संपल्या, आम्ही खाली उतरू का, एवढंच तिचा नवरा वायरलेसवर पुन्हा पुन्हा विचारत होता. खाली तंबूत साहेब ऐकत होते. हो म्हणावं तर टेकडी सोडल्याचा ठपका, नाही म्हणावं तर माणसं मारल्याचा. मग साहेबांनी सोपं केलं, काहीच बोलले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याच्या छातीवर पुढं पदक लागलं, आणि हिच्या वाट्याला नवऱ्याची ट्रंक आली.

तिला साहेबांचं रडणं नको होतं. माफी तर मुळीच नको, माफी मागून माणूस गाढ झोपतो मेला. तिला त्यांना दुखवायचं होतं. एकदा नव्हे, रोज, उठताबसता.

माप कोणतं घेऊ, असं कारागिरानं विचारलं. साहेबांनी सगळ्यात लहान, पातळ नाणं उचललं. खिशाला भार नको, म्हणाले. तिनं सगळ्यात मोठं उचललं, चांगलं जाडजूड, आणि हे खिशात मावेल का म्हणून विचारलं.

"मावेल की ताई," कारागीर म्हणाला. "पण खिशात आहे हे विसरता यायचं नाही."

"मग हेच."

साहेब हसले. बायकांना दागिना जडच हवा असतो, असा काहीसा विनोदही त्यांनी केला. तिनं तो जाऊ दिला. कारागिराची पेन्सिल घेतली आणि त्याच्याच कागदावर आकार काढला. एक बाजू सरळ कड्यासारखी, दुसरी उतरती, आणि वर तिरका, टोकदार सुळका. नवऱ्यानं पाठवलेल्या शेवटच्या फोटोत त्याच्या पाठीमागं हेच होतं. कारागिराला तो कुठला तरी डोंगर वाटला. साहेबांच्या तोंडचं मात्र पाणी पळालं.

"वहिनी, हे टोक टोचेल हो," ते म्हणाले. "माझं सोडा, पण पोरांचा विचार करा. बिचारी रोज खिशात घेऊन फिरणार."

आता हे खरं होतं, आणि तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. कालपरवा भरती झालेली पोरं ती. त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण तसलं जळणं तिला नको होतं. क्षणभर तिला स्वतःचीच लाज वाटली. टोक घासून गोल करता येईल का, असं तिनं विचारलं. त्यात काय अवघड, कारागीर म्हणाला, साच्यातून निघालेलं प्रत्येक नाणं मी हातानंच कानशीनं घासतो, मग त्यावर नंबर ठोकतो. ज्याच्या नावचा जो नंबर, ते नाणं त्याचंच, अदलाबदल चालत नाही.

"मग घासून द्या सगळी," ती म्हणाली.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वहिनींचं मन किती मोठं, असं ते कारागिराला सांगू लागले.

"एक सोडून," ती म्हणाली. "एक नंबरच्या नाण्याला कानस लावायची नाही. टोक जसं निघेल तसं राहू द्या."

कारागिरानं तसं लिहून घेतलं. मग सहज विचारलं, पलटणीत एक नंबर कुणाचा असतो?

ती गप्प राहिली. साहेबही गप्प. आतल्या खोलीत साच्याचं यंत्र धाडधाड चाललं होतं. साहेबांनी ट्रेमधली दोन नाणी उचलली, परत जागच्या जागी ठेवली. कारागिराला वाटलं, यंत्राच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तिनं साहेबांवरची नजर काढली नाही. टेकडीवर उत्तराची घाई होती, इथं तिला नव्हती.

"माझा," साहेब म्हणाले.

"बघा," ती म्हणाली. "विचारल्यावर उत्तर देता येतं की तुम्हाला."