वेगळा कप

गोठ्याच्या भिंतीतला कोनाडा रिकामा होता. उत्तमरावांनी आत हात घालून पाहिलं. बोटांना कोळिष्टकं लागली. म्हणजे कप काल-परवा गेलेला नव्हता.

दिसायला तो घरातल्या कपांसारखाच होता, पांढरा, निळ्या काठाचा. पण भीमनगरातलं कोणी कामाला आलं की त्याला चहा त्यातच मिळायचा. पिणाऱ्यानं तो धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. सुलतानपुरात आता असलं काही कोणी उघड बोलत नसे. उत्तमरावही बोलत नसत. कप मात्र ठेवलेला असायचा.

आणि हल्ली भीमनगरातून त्यांच्याकडे येणारा एकच, वायरमन अश्वजित. विहिरीवरची मोटर बारा वर्षं तोच दुरुस्त करत होता. आत्ताही तो अंगणात जळका स्टार्टर उघडून बसला होता.

उत्तमराव ओसरीतल्या बाजेवर येऊन बसले. जुना कप कोण कशाला चोरील? मग त्यांच्या मनात आलं, चोरला नसेल, पुरावा म्हणून नेला असेल. तेवढ्यात अश्वजितनं मोबाइल काढून फोटो घेतला. मेहकरच्या दुकानदाराला स्टार्टर दाखवायचा आहे, असं तो म्हणाला. पण मोबाइल गोठ्याकडे वळला नव्हता का? केस झाली तर चार माणसांत काय तोंड दाखवायचं?

सून पुष्पांजली चहाचे दोन कप घेऊन आली. एक सासऱ्यांच्या हातात देऊन दुसरा तिनं अश्वजितसाठी ओसरीच्या कडेला ठेवला. उत्तमरावांनी दोन घोट घेतले. मग त्यांना राहवलं नाही.

"अश्वजित, गोठ्यातला कप कुठं नेला बे?"

अश्वजितनं पेचकस खाली ठेवला. आपण कप नेला नाही, दिवाळीपासून तो तिथं दिसलाच नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. मग इतके दिवस बोलला का नाहीस, तुला कोणी शिकवलं, कोणाकडे नेऊन दिला, उत्तमराव विचारतच राहिले. अश्वजित एकेक हत्यार पिशवीत भरू लागला. स्टार्टर तसाच उघडा होता.

"त्यायले काही ईचारू नका, मामाजी," पुष्पांजली म्हणाली. ती अजून दारातच उभी होती. "दिवाळीच्या साफसफाईत मीच काढला तो. घरातल्या कपांत ठेवला. आता त्यातला तो कोणता, मलेबी ओळखू येत नाही."

उत्तमरावांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. दिवाळीला सहा महिने होऊन गेले होते. रोज सकाळी एक कप, दुपारी एक.

अश्वजितनं पिशवी खांद्याला लावली.

उत्तमरावांनी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला आणि बाजेवर एका बाजूला सरकले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "बस इथं. चहा घे."

अश्वजितनं बाजेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आता संशय त्याच्या डोळ्यांत होता. तो येऊन बसेपर्यंत उत्तमरावांनी ती जागा रिकामी ठेवली.