झाकणांच्या कारखान्याची किंमत

परीक्षकाने पडद्यावरच्या साडेपाच या आकड्याकडे बोट केलं आणि विचारलं, "हा कुठून आणलात?"

चेअरमन लगबगीने पुढे सरसावला. वर्गात त्याला सगळे चेअरमनच म्हणत, कारण नोकरी लागायच्या आधीपासूनच तो टाय लावून बसायचा. कारखाना बाटल्यांची झाकणं बनवतो, बाटल्या काही जगातून जायच्या नाहीत, सबब धंदा दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी वाढत राहणार, असं त्याने घोळवून घोळवून सांगितलं. किती वर्षं, असं परीक्षकाने विचारलं. कायमच, चेअरमन म्हणाला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या 'मम'ने मान डोलावली. या सगळ्या अभ्यासात मान डोलावण्यापलीकडे त्याने काही केलं नव्हतं. नाव त्यावरूनच पडलं होतं.

गटातली तिसरी, कात्री, मागे लॅपटॉपपाशी ओठ मुडपून उभी होती. गणित सगळं तिचं होतं. कारखान्याला पुढे किती नफा होईल, त्यात धोका किती, त्या धोक्यापोटी परतावा किती मागायचा, असं एकेक धरत तिने किंमत काढली, आणि ती बरीच खाली आली. मग चेअरमनने कुठूनसं खणून काढलं की हाच कारखाना मागे एका बड्या गिऱ्हाइकाने विकत घेतला होता, कात्रीच्या आकड्याच्या दीडपटीहून चढ्या भावाने, आणि तो घ्यायचा सल्ला दिला होता या परीक्षकाच्याच कंपनीने. झालं. वाढीच्या दराचे त्याने तीनाचे साडेपाच केले आणि उत्तर बरोब्बर त्या भावावर जाऊन बसलं. कारखाना असा यावच्चंद्रदिवाकरौ वाढला तर माणसांना पाय ठेवायला जागा उरणार नाही, जिकडेतिकडे झाकणंच झाकणं होतील, असं कात्री म्हणाली होती. दोघंही पोट धरून हसले. आकडा मात्र तोच राहिला.

तिला त्यांची कीवसुद्धा येत नसे. कीव यायलाही समोर माणूस लागतो, असं ती म्हणे. सरांबद्दल तिचं मत फार निराळं नव्हतं. वर्षभर फळ्यावर जोखमीची समीकरणं मांडणारे सर आज परीक्षकापुढे पाण्याचा ग्लास सरकवत होते, आणि त्याने तो अजून उचलला नाही म्हणून कासावीस झाले होते. थोरली बहीण तिला म्हणायची, तुला माणसं सोसत नाहीत म्हणून तू आकड्यांत शिरलीस. आकडे निदान पुढेपुढे करत नाहीत, असं तिचं त्यावर उत्तर असे.

परीक्षक हटला नाही. साडेपाचच का, चार का नाही, असं त्याने पुन्हा विचारलं. चेअरमनने बाजाराचा कल, लोकांची आवडनिवड असं काहीबाही सुरू केलं.

"चार घातले तर उत्तर तुमच्या भावाशी जुळत नाही," कात्री मागून म्हणाली.

सरांचा हात ग्लासापाशीच थबकला.

ती पुढे आली. एकदा तोंड उघडलं की अर्ध्यावर सोडायचा तिचा स्वभाव नव्हता. आवाज न चढवता तिने सांगितलं की भाव तुम्ही आधी ठरवलात आणि कारणं मागाहून जमवलीत. आम्हीही तेच केलं. फरक एवढाच, तुम्हाला त्याची फी मिळाली आणि आम्हाला मार्क मिळतील. हे शेवटचं वाक्य तिने सकाळी आंघोळ करताना घोटून ठेवलं होतं, पण तसं कुणाला वाटलं नसतं.

परीक्षकाने रागवायला हवं होतं. तो खुर्चीत मागे रेलला आणि मनापासून हसला, फार दिवसांनी ओळखीचं कुणी भेटावं तसा. सरांना म्हणाला, इतकी वर्षं येतोय, पण उत्तर खरं कुठून येतं हे ठाऊक असलेला गट आज पहिल्यांदा पाहिला. त्याने पैकीच्या पैकी मार्क लिहिले. चेअरमनच्या तोंडावर रंग परत आला. मग परीक्षकाने तिला समोरची खुर्ची दाखवली.

"खरी किंमत आणि हवी ती किंमत, दोन्ही काढता येणारं माणूस मला लागतं," तो म्हणाला. "खरी मला सांगायची, हवी ती गिऱ्हाइकाला. येतेस?"

'तुम्ही'वरून तो 'तू'वर आला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. नकार द्यायला तिच्यापाशी एकाहून एक झोंबरी वाक्यं होती, त्यातलं एक अगदी जिभेवर आलं. पण चेअरमन तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतला हेवा इतका उघडा होता की तो हातचा सोडवेना. तिने विचारलं, पगार किती.

"तूच सांग. किंमत काढायलाच शिकलीस ना इथे?"

तिने हनुवटी वर करून एक आकडा सांगितला. वर्गात दुसऱ्या कुणाची तेवढा मागायची छाती झाली नसती. हा माणूस दचकेल, निदान भुवई तरी उचलेल, मग आपण दोन शब्द सुनावून उठू, असं तिने मनाशी धरलं होतं.

"ठीक आहे," परीक्षक म्हणाला, आणि पुढच्या गटाला आत घ्या म्हणून सरांना खूण केली.

चेअरमनने अभिनंदनाला हात पुढे केला. कात्री खुर्चीतच बसून होती. एका पैचीसुद्धा घासाघीस झाली नव्हती.